परमुलखातील आपले नाव

माणूस गाव सोडून परमुलखात निघतो तेव्हा बरोबर काय काय नेतो, हे आपल्या घरोघरी ठाऊक आहे. लोणच्याची बरणी, सुक्या मासळीची पुरचुंडी, जपमाळ, आईवडिलांचा फोटो, शिक्षणाची प्रमाणपत्रे. विमानतळावर या साऱ्याचे वजन होते, उलथापालथ होते, आणि कधी कधी मासळी तिथल्या तिथे टाकून द्यावी लागते. एका वस्तूचे मात्र वजन होत नाही. ती म्हणजे त्याचे नाव. परक्या भूमीवर पाय ठेवल्यावर पहिला घाव बहुधा या बिनवजनाच्या वस्तूवरच पडतो. कोणी ते अर्धवट उच्चारतो, कोणी ते छोटे करून मागतो, कोणी ऐकून हसतो.

स्थलांतराविषयी आज पुष्कळ लिहिले व बोलले जाते. अर्थशास्त्रज्ञ लिहितात, समाजशास्त्रज्ञ लिहितात, निवडणुका जवळ आल्या म्हणजे राजकारणी बोलतात. आम्ही या लेखात एका लहानशा प्रश्नापुरते थांबणार आहोत. परक्या समाजात सामावून जाण्यासाठी माणसाने आपले नाव सोडावे काय? प्रश्न लहान दिसतो; परंतु येणाऱ्याने किती बदलावे आणि अगोदरपासून राहणाऱ्याने किती, हा मोठा प्रश्न त्याच्या पोटात आहे. त्याचा विचार करताना नीतिशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा कथा-कादंबऱ्यांचा, त्यांतही मुलांसाठी लिहिलेल्या पुस्तकांचा आम्हांला अधिक उपयोग झाला, हे प्रारंभीच सांगून टाकतो. बालवाङ्मय म्हणजे झोपण्यापूर्वीची करमणूक अशी ज्यांची समजूत आहे, त्यांना हे विधान धाडसाचे वाटेल. त्यांनी थोडा धीर धरावा.

प्रथम एक रूढ समजूत दूर केली पाहिजे. न्यूयॉर्कच्या बंदरात एलिस आयलंड नावाचे बेट आहे. १८९२ ते १९५४ या काळात अमेरिकेत येणाऱ्या एक कोटीहून अधिक लोकांची तपासणी तेथे झाली. अमेरिकेतील कितीतरी घरांत अशी कथा सांगतात की, तेथील अधिकाऱ्यांना पोलिश, इटालियन, ज्यू नावे उच्चारता येईनात, म्हणून त्यांनी ती लेखणीच्या एका फटकाऱ्यासरशी बदलून टाकली. १९७४ साली आलेल्या 'द गॉडफादर, भाग दोन' या चित्रपटात सिसिलीहून आलेल्या विटो अँडोलिनी या पोरक्या मुलाला असेच त्याच्या गावाचे नाव आडनाव म्हणून चिकटते. इतिहास निराळे सांगतो. बेटावरील अधिकारी नावे नव्याने लिहून घेत नसत. जहाज निघण्याच्या बंदरातच कंपनीचे लोक प्रवाशांची यादी तयार करीत, आणि बेटावर त्या यादीवरून विचारपूस होई. दुभाषेही नेमलेले असत. नावे बदलली हे खरे. पण ती बहुतांशी मागाहून, त्या लोकांनी स्वतःच बदलली. नोकरी मागताना, मुलाला शाळेत घालताना, दुकानावर पाटी लावताना, प्रसंगी न्यायालयात रीतसर अर्ज करून.

मग नातवंडांना ती अधिकाऱ्याची कथाच का आवडते? आम्हांला वाटते, नाव साहेबाने हिरावून घेतले असे सांगणे सोपे असते. आजोबांनी ते लाजेने टाकले असे सांगणे जड जाते. परंतु लाज ही काही आपोआप उगवत नाही. कोणीतरी लाजवावे लागते. अमेरिकेत पेट्रॉन्स्की किंवा गोल्डस्टाईन हे नाव धारण करण्यास बंदी घालणारा कायदा कधी नव्हता. जे घडले ते वर्गात, बाजारात, गिरणीच्या दारात घडले, आणि त्याची नोंद कोणत्याही सरकारी दप्तरात सापडणार नाही. ती सापडते मुलांच्या एका पुस्तकात.

एलिनॉर एस्टिस या अमेरिकन लेखिकेचे 'द हंड्रेड ड्रेसेस' हे छोटेखानी पुस्तक १९४४ साली प्रसिद्ध झाले. केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात ही कथा पुष्कळ वर्षे होती, त्यामुळे आपल्या काही घरांतील मुलांना ती माहीत असेल. आईवडिलांनी वाचली असेलच असे नाही. वांडा पेट्रॉन्स्की ही पोलंडहून आलेल्या कुटुंबातील मुलगी. आई नाही. बाप व भाऊ यांच्यासह ती गावाबाहेरच्या टेकडीवर राहते. रोज एकच विटका निळा झगा घालून येते; तो स्वच्छ धुतलेला असतो, पण त्याला इस्त्री नसते. वर्गात ती शेवटच्या रांगेतील कोपऱ्यात बसते. इतर मुलांची नावे सुटसुटीत, हिचे लांबलचक. एके दिवशी मुलींच्या घोळक्यात ती सांगून बसते की, घरी माझ्या कपाटात शंभर झगे आहेत. तेव्हापासून रोजचा खेळ सुरू होतो. शाळेच्या वाटेवर तिला गाठायचे आणि अगदी सभ्य आवाजात विचारायचे, झगे किती म्हणालीस? रेशमी किती? मखमली किती? या मुलींपैकी कोणी तिला मारीत नाही, कोणी शिवी देत नाही. विचारणारी पेगी ही वर्गातील सर्वांची आवडती मुलगी आहे, आणि आपण काही क्रूरपणा करीत आहोत असे तिच्या स्वप्नातही नाही.

पुढे चित्रकलेची स्पर्धा होते. एके सकाळी वर्गाच्या भिंती शंभर चित्रांनी भरून गेलेल्या दिसतात. प्रत्येक चित्रात निराळा झगा, एकापेक्षा एक सुंदर. बक्षीस वांडाला मिळते. वांडा मात्र वर्गात नसते. त्याच दिवशी तिच्या वडिलांचे मोडक्या इंग्रजीतील पत्र शिक्षिकेच्या हाती पडते. आम्ही मोठ्या शहरात जात आहोत, तेथे आमच्यासारखी विचित्र नावे पुष्कळ असतात, असा त्याचा आशय.

ही कथा येथेच संपती तर ती एक बरी बोधकथा झाली असती. तिला उंची येते ती तिसऱ्या मुलीमुळे. मॅडी ही पेगीची जिवलग मैत्रीण. ती स्वतः गरीब आहे, पेगीचे जुने झगे अंगावर घालते. वांडाची थट्टा चालते तेव्हा ती हसत नाही, विचारीत नाही. ती फक्त उभी असते. बोलावेसे वाटते, पण बोलले तर उद्या आपल्याच झग्यावरून प्रश्न सुरू होतील ही भीती तिला गप्प बसविते. संपूर्ण पुस्तक या गप्प बसणाऱ्या मुलीच्या मनातून सांगितले आहे. छळ झालेली मुलगी नायिका नाही, छळ करणारीही नाही. दोघींच्या मध्ये उभी राहिलेली, हातपाय न हलविलेली मुलगी नायिका आहे. मिस्साच्या आरंभी आपण जी पापकबुली देतो, तीत विचार, शब्द आणि कृती यांच्या पाठोपाठ कर्तव्य टाळण्याचा उल्लेख येतो. तो उल्लेख आपण बहुधा घाईने उरकतो. सेमिनरीत कर्तव्यलोपाच्या पापाची व्याख्या आम्ही लॅटिनमधून पाठ केली होती. पण नऊ-दहा वर्षांच्या मुलाला ते पाप समजावून सांगायचे असेल तर आम्ही व्याख्येऐवजी मॅडीकडेच बोट दाखवू.

एक गोष्ट ओघात नोंदवून ठेवतो. या कथेतील शिक्षिकेवर लेखिकेने फारच सौम्य हात ठेवला आहे, असे आमचे मत आहे. पत्र वाचल्यावर बाईंना वाईट वाटते, त्या मुलांना विचार करायला सांगतात. पण एक मुलगी महिनोन्महिने कोपऱ्यात एकटी बसते हे त्यांना त्या आधी दिसले नव्हते काय? लेखिकेच्या बालपणी तिच्या वर्गात खरोखरच अशी एक मुलगी होती व ती वर्षाच्या मध्येच शाळा सोडून गेली, असे लेखिकेच्या कन्येने पुढे नमूद केले आहे. क्षमा मागायची राहून गेली, म्हणून पुस्तक लिहिले गेले. वांडा नाताळच्या सुमारास पत्र पाठवून आपली चित्रे मैत्रिणींना भेट म्हणून देऊन टाकते, आणि चित्रांतील चेहरे आपलेच आहेत हे त्या दोघींना उमगते. पेगी लगेच निश्चिंत होते. मॅडी मात्र होत नाही. भिंतीपाशी एकटी उभी असलेली वांडा तिच्या डोळ्यांपुढून हलत नाही. क्षमा मिळाल्यानंतरही काही उरते, हे इतक्या लहान वाचकांना सांगणारी पुस्तके फार थोडी.

मुलांच्या सर्वच पुस्तकांत इतके धैर्य असते असे नाही. मायकेल बाँड यांचे पॅडिंग्टन नावाचे अस्वल १९५८ पासून इंग्रज मुलांचे लाडके आहे. पेरू देशाच्या अरण्यातून ते लंडनच्या रेल्वे स्थानकावर येऊन पोहोचते, आणि या अस्वलाची काळजी घ्यावी अशी विनंती करणारी चिठ्ठी त्याच्या गळ्यात असते. महायुद्धाच्या काळात गळ्यात अशाच चिठ्ठ्या अडकवून गावोगाव पाठविलेली मुले बाँड यांनी पाहिली होती. ब्राऊन कुटुंब त्या अस्वलाला घरी नेते, ही दया खरीच. परंतु घरी नेण्यापूर्वी, स्थानकावरच, त्याचे नाव बदलून जाते. माझे पेरूमधील नाव येथे कोणाला कळणार नाही असे ते स्वतःच संकोचाने सांगते, आणि ही भली माणसे ते नाव ऐकून घेण्याचाही प्रयत्न न करता स्थानकाचे नाव त्याला देऊन मोकळी होतात. पुढे त्याची गाठ जुन्या वस्तूंचे दुकान चालविणाऱ्या ग्रुबर या म्हाताऱ्याशी पडते. ते हंगेरीहून आलेले आहेत. त्या एका माणसाच्या तोंडी अस्वलासाठी 'मिस्टर ब्राऊन' असे आदराचे संबोधन आहे. परदेशात आदराने हाक मारली जाणे म्हणजे काय, हे त्यांना बहुधा ठाऊक असावे.

यांग्सूक चोई यांनी २००१ साली लिहिलेल्या 'द नेम जार' या चित्रकथेत हाच प्रसंग उलटा होतो. उन्हेई ही कोरियाहून आलेली मुलगी. शाळेच्या बसमध्येच तिच्या नावाची थट्टा होते. वर्गात ती सांगते, मी अजून नाव निवडलेले नाही. मुले एक बरणी ठेवतात आणि तिच्यात सोपी सोपी इंग्रजी नावे चिठ्ठ्यांवर लिहून टाकतात. मुलांचा हेतू चांगलाच आहे. आपला समाज परक्याला जे देऊ करतो ते पुष्कळदा असेच असते. उन्हेई अखेरीस स्वतःचे नाव राखते. आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो तो जोई नावाचा मुलगा. तो तिच्या वस्तीतील कोरियन दुकानात जातो, तिच्या नावाच्या शिक्क्याचे ठसे ओळखायला शिकतो, आणि शेवटी स्वतःसाठी एक कोरियन नाव मागून घेतो. त्या नावाचा अर्थ मित्र. सांस्कृतिक समायोजन म्हणून जे काही म्हणतात त्याचे ओझे बहुधा येणाऱ्याच्याच डोक्यावर ठेवले जाते. येथे राहणाऱ्या मुलाने त्यातला आपला वाटा उचलला.

आता प्रौढांच्या साहित्याकडे वळू. झुंपा लाहिरी यांची 'द नेमसेक' ही कादंबरी २००३ साली आली. नावाच्या प्रश्नावर तिच्याइतके सविस्तर चिंतन दुसरीकडे क्वचितच आढळेल. अशोक व आशिमा गांगुली हे बंगाली जोडपे अमेरिकेत स्थायिक झालेले. मुलाचे नाव पणजीने कलकत्त्याहून पत्राने कळवायचे ठरलेले असते. ते पत्र पोहोचतच नाही. नाव लिहिल्याशिवाय रुग्णालय बाळाला घरी सोडीत नाही. तेव्हा वडील तात्पुरते घरगुती नाव म्हणून गोगोल या रशियन लेखकाचे नाव लिहून देतात. बंगाली घरांत हाक मारायचे नाव व बाहेरचे नाव अशी दोन नावे असतात. आपल्याकडेही पाळण्यातील नाव एक आणि घरात बाळू किंवा बेबी असे असते. शाळेत घालताना आईवडील 'निखिल' हे बाहेरचे नाव सांगतात, पण मूल त्या हाकेला ओ देत नाही. मुख्याध्यापिका मुलाच्या इच्छेला मान देते. तिच्या दृष्टीने तो मुलाचा हक्क. आईवडिलांच्या दृष्टीने एका रीतीचा शेवट. अठराव्या वर्षी तोच मुलगा न्यायालयात जाऊन गोगोल हे नाव टाकतो व निखिल होतो. आणि त्यानंतर केव्हातरी वडील त्याला सांगतात की, तरुणपणी आपण एका रेल्वे अपघातात सापडलो होतो, हातात गोगोलच्या कथांचे पुस्तक होते, आणि हातातून निसटलेला त्याचा कागद दिसला म्हणूनच शोधकांना आपण जिवंत सापडलो. मुलाने टाकलेले नाव हे बापाच्या पुनर्जन्माची खूण होते.

येथे प्रश्नाचे स्वरूपच बदलते. मुलांच्या पुस्तकात नाव हे धारण करणाऱ्याचे असते आणि शेजाऱ्याने त्याचा मान राखायचा असतो. लाहिरींच्या कादंबरीत नाव हे देणाऱ्याचेही आहे. ते टाकणारा मुलगा शेजाऱ्यापेक्षा घरच्यांचा अधिक देणेकरी ठरतो. ज्यांची मुले आज टोरांटोला किंवा मेलबर्नला आहेत त्या आईबापांना ही कादंबरी वाचताना मध्येच पुस्तक मिटून ठेवावेसे वाटेल. खुद्द लेखिकेचे 'झुंपा' हेही घरातले हाक मारायचे नाव. शाळेतील बाईंना तिच्या इतर नावांपेक्षा ते सोपे वाटले, म्हणून तेच रूढ झाले. पुढे त्या २०१२ साली रोमला जाऊन राहिल्या आणि इटालियन भाषेत लिहू लागल्या. स्वेच्छेने दुसऱ्यांदा परके होणे पत्करलेल्या अशा लेखिका विरळाच.

तरीसुद्धा या प्रकारच्या प्रौढ साहित्याविषयी आमची एक तक्रार आहे. ते फार आत वळलेले आहे. स्थलांतरिताची खंत, त्याचे दुभंगलेपण, मागे राहिलेल्या गावाची हुरहूर यांचे बारकावे ते उत्तम टिपते. पण हसणारा शेजारी त्यात हळूहळू दिसेनासा होतो. जणू परकेपणा हा स्थलांतरिताच्या स्वभावाचाच गुण आहे आणि समोरच्या माणसाचा त्यात काहीच हात नाही. गप्प बसलेल्या मॅडीसाठी मोठ्यांच्या कादंबरीत जागा उरत नाही. नैतिकदृष्ट्या मुलांची पुस्तके अधिक कठोर आहेत असे जे आम्ही म्हणतो, ते याच अर्थाने.

बायबलच्या वाचकाला हे प्रश्न नवे वाटू नयेत. योसेफ गुलाम म्हणून मिसरात विकला जातो, पुढे त्या देशाचा कारभारी होतो, आणि फारो त्याला सापनाथपानेह हे मिसरी नाव देतो. त्याचा पोशाख मिसरी, पत्नी मिसरी पुरोहिताची कन्या, भाषाही मिसरी. सख्खे भाऊ समोर उभे राहतात तेव्हा तो दुभाष्यामार्फत बोलतो आणि ते त्याला ओळखीत नाहीत. यापेक्षा पूर्ण समायोजन कोणते? पण थोरल्या मुलाचे नाव ठेवायची वेळ आली तेव्हा त्याने मनश्शे हे नाव ठेवले. देवाने मला माझ्या पित्याच्या घराचा विसर पाडला, असा त्या नावाचा भाव. विसरलो हे सांगायलाही त्याला शब्द आठवला तो पित्याच्या घरच्या भाषेतला! फारोने दिलेले नाव उत्पत्तीच्या पुस्तकात एकदाच येते व पुन्हा येत नाही. रूथची गोष्ट याहून वेगळी. ती आपल्या सासूच्या देशात येते, तिचा देव व तिचे लोक आपले मानते, शेतात सरवा वेचते. तरी बेथलेहेमचे लोक तिला मवाबी रूथ म्हणूनच ओळखतात. हे परकेपणाचे बिरूद लागलेली स्त्री दावीद राजाची पणजी ठरली, आणि संत मत्तयने येशूच्या वंशावळीत तिचे नाव वगळले नाही.

आणि आपण? गोव्यापासून वसईपर्यंतच्या ख्रिस्ती समाजाला नावाच्या प्रवासाचा अनुभव चारशे वर्षांहून जुना आहे. फरक इतकाच की, आपण कोठे गेलो नाही; नावेच जहाजात बसून आपल्याकडे आली. पोर्तुगीज सत्तेबरोबर आलेली ती नावे आपल्या पूर्वजांच्या जिभेने आपल्या वळणावर आणली. जोझेचा जुजे झाला, पेद्रोचा पेद्रू, काएतानोचा कायतान, पास्कोआलचा पास्कू. तेव्हा नाव बदलणे म्हणजे नेहमी अपमानच असे म्हणता येणार नाही. आजीने नातवाला जुजे म्हणून हाक मारली त्यात थट्टा नव्हती. थॉमस स्टीफन्स हे इंग्रज धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. पोर्तुगिजांनी त्यांचे नाव आपल्या उच्चाराने एस्तेव्हाँव असे केले. त्यांनी येथील भाषा आत्मसात केली आणि १६१६ साली छापलेले 'क्रिस्तपुराण' मराठीत रचले. परक्याने भूमीची भाषा किती आपलीशी करावी याचा हा उच्चांक होय. मात्र स्टीफन्स सत्ताधाऱ्यांच्या छत्राखाली आले होते, पोट भरण्यासाठी नव्हे, हे विसरून चालणार नाही. साष्टीच्या शेतकऱ्याला त्यांचे नाव ऐकून हसण्याची सोय नव्हती.

मुंबई-साष्टी भागातील मूळच्या ख्रिस्ती लोकांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले, त्यामागेही स्थलांतरच होते. गोव्याहून नोकरीसाठी आलेल्या ख्रिस्ती बांधवांची नावे तशीच पोर्तुगीज, धर्म तोच; मग आपण निराळे, आपण इथलेच, हे सरकारला कसे दाखवावे? म्हणून भूमिपुत्रांनी स्वतःला इंग्रजी नाव देऊन घेतले. या विनोदावर आम्ही अधिक भाष्य करीत नाही. उलट बाजूने पाहिले तर फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०२० च्या धाराशिव येथील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली तेव्हा, ते ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून काही मंडळींनी विरोध केलाच होता. आयुष्यभर मराठीत लिहूनही आपले नाव परके वाटू शकते, हे आपल्या घरांना त्या दिवसांत पुन्हा एकदा कळले.

म्हणूनच पुढील गोष्ट लिहिताना आम्हांला संकोच होत नाही. आपल्या गावांतून आज जितके तरुण बाहेर जातात, त्याहून कितीतरी अधिक लोक आत येतात. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली होती. तिच्यात उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, दक्षिणेकडील राज्ये येथून आलेल्यांचा वाटा मोठा आहे. आपला मुलगा परदेशी कचेरीत रुजू होतो, साहेबाला त्याचे आडनाव नीट म्हणता येत नाही, आणि त्या रात्री फोनवर त्याची आई हळहळते. सकाळी तीच माउली दारावर भाजी घेऊन आलेल्या माणसाला, तो पाच वर्षे त्याच दारावर येत असूनही, 'ए भय्या' अशी हाक मारते. त्याचे नाव विचारण्याचे कारण कधी पडलेले नसते. 'भैया' या शब्दाचा अर्थ भाऊ. भावाला हाक मारण्याचा शब्द घेऊन आपण त्याचा धोंडा केला आणि नावाच्या जागी फेकून मारला. लोकलच्या डब्यात तो कोणत्या सुरात उच्चारला जातो हे वाचकांना सांगायला नको.

यावर जे उत्तर येते ते आम्हांला तोंडपाठ आहे. आलेल्यांनी आमची भाषा शिकू नये काय? आमच्या जमिनी गेल्या, विहिरी आटल्या, वाड्या गेल्या, त्याचे काय? या प्रश्नांत तथ्य आहे आणि ते उडवून लावणारा माणूस येथे राहिलेला नसावा. भाषेबाबत आमचे मत स्पष्ट आहे. ज्या भूमीत राहायचे तिची भाषा येणाऱ्याने शिकावी. तो उपकार नव्हे, ते कर्तव्य आहे. स्टीफन्सनी ते केले, रूथने त्याहून अधिक केले. परंतु समोरच्याचे नाव उच्चारायला शिकणे हे कर्तव्य राहणाऱ्याचे आहे, आणि पहिले कर्तव्य पुरे होईपर्यंत दुसरे थांबवून ठेवता येत नाही. विहिरी आटल्याचा हिशेब ज्यांनी इमारतींना परवानग्या दिल्या त्यांच्याकडे मागावा. तो भाजीवाल्याच्या नावातून वळता करून घेणे हा न्याय नव्हे.

दुसरा बदल आम्हांला स्नानसंस्काराच्या नोंदवहीत दिसतो. परदेशस्थ जोडपी सुट्टीत येऊन बाळाचा संस्कार उरकून जातात. नाव निवडताना आजीआजोबांच्या नावाची चौकशी पूर्वीसारखी होत नाही. तिकडच्या शाळेत म्हणायला जड जाणार नाही ना, ही चौकशी आधी होते. तरुण आईबापांना दोष द्यावा असे आम्हांला वाटत नाही. वर्गात हसू ऐकलेला माणूस आपल्या मुलाला त्यापासून वाचवू पाहणारच. पण एलिस आयलंडच्या नातवंडांसारखी यांचीही नातवंडे उद्या एखाद्या अधिकाऱ्याची कथा रचतील, अशी शंका मनात येते.

मुलांना वांडाची गोष्ट सांगितली की ती पुढे काय झाले ते विचारतात. मोठ्या शहरात तिला कोणी हसले नाही ना? पुस्तकात याचे पूर्ण उत्तर नाही. पत्रातून ती सुखी असल्याचे जाणवते, तरी जुनी शाळाच आपल्याला जास्त आवडत होती असेही ती लिहिते. विचित्र नावांची गर्दी असलेले शहर मिळावे, एवढी तिच्या बापाची अपेक्षा होती. नालासोपारा, विरार, वसई येथील शाळांचे हजेरीपट आज पाहिले तर त्यांवर डिमेलो, वर्तक, यादव, नाडार, पाटील, शेख, राजपुरोहित अशी नावे एकाखाली एक लिहिलेली आढळतात. जूनच्या पहिल्या दिवशी बाई ती मोठ्याने वाचतात, एखाद्या नावापाशी अडखळतात, आणि सगळा वर्ग बाईंच्या तोंडाकडे पाहत असतो.